जुन्या ट्रकाचा बंद पडलेला वायपर : परीक्षा आणि उपाय

आपल्या तालुक्यांत पाऊस थोडा, म्हणून ट्रकाच्या वायपराकडे लक्ष देण्याचें कारणहि थोडें, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. जेथें पाऊस चार महिने लागून राहतो तेथील वायपर रोज चालतो. आणि रोज चालणारें यंत्र बिघडूं लागलें म्हणजे आधीं कुरकुरतें व मालकास सूचना देतें. जामखेड तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडतो. येथें मृगाचे शिडकावे होतात, मध्यें दीर्घ उघडीप पडते, आणि पावसाचा खरा जोर भाद्रपद-आश्विनांत असतो. तोहि बहुधा दुपार कलल्यावर गडगडाटासह कोसळणाऱ्या सरींचा. वायपर वर्षांतील आठ-नऊ महिने उन्हांत व धुळींत निजून राहतो, आणि ज्या संध्याकाळीं त्याची पहिली खरी गरज लागते त्याच संध्याकाळीं तो उठत नाहीं.

हीच वेळ उडदाच्या राशीची असते. उडीद हें या तालुक्याच्या खरिपांतील एक प्रमुख पीक आहे. श्रावणाच्या अखेरीस त्याची काढणी सुरू होते आणि मळणी झालेला माल भाद्रपदाच्या ढगांखालूनच बाजारास न्यावा लागतो. खर्डा, नान्नज, जवळा, अरणगांव या बाजूंचा माल जामखेडच्या बाजार-समितींत येतो, कांहीं नगरास किंवा बार्शीस जातो. नगरची वाट बीड जिल्ह्यांतील आष्टी व कडा या गांवांवरून आहे. बीडकडे जावयाचें तर सौताड्याचा घाट लागतो. हमीभावाच्या खरेदींत उडदांतील ओलाव्याची मर्यादा १२ टक्के धरलेली आहे. भिजलेला माल या मर्यादेबाहेर जातो, आणि दाणा काळवंडला किंवा त्यास मोड आला तर व्यापारीहि तोंड फिरवितो. म्हणून ‘सर येण्यापूर्वीं पोहोंचूं’ अशा घाईनें ट्रक निघतो, वाटेंत सर गांठते, आणि पुढची काच पांढरी होते. त्या रस्त्यावर शेतांतून परतणारीं माणसें, बिनदिव्याच्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि सायकली असतात. वायपर हा ट्रकाचा लहानसा अवयव खरा. परंतु त्याच्या अभावीं जाणारा जीव पुष्कळदां ट्रकाबाहेरचा असतो.

शेतकऱ्याच्या पदरीं असलेला ट्रक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हातचा असतो. त्याचें इंजिन, टायर व पाटे यांकडे मालक डोळ्यांत तेल घालून पाहतो, पण वायपराचा विचार पाऊस पडूं लागल्यावर सुचतो. वास्तविक वायपराचे बहुतेक दोष किरकोळ असतात, आणि ते शोधण्यास पाना, पकड, काचपेपर, एक लहान दिवा आणि थोडी चिकाटी एवढी सामग्री पुरते. जो शेतकरी विहिरीवरच्या पंपाचा फ्यूज बदलतो व वॉशर घालतो त्यास हें काम अवघड वाटण्याचें कारण नाहीं.

वायपराची रचना

काच पुसण्याच्या यंत्राची कल्पना अमेरिकेंतील मेरी अँडरसन या बाईंना सुचली व १९०३ सालीं त्यांना तिचें पेटंट मिळालें. त्यांचें साधन आंतून दांडा हलवून चालवावयाचें होतें. पुढें पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिनाच्या शोषणानें, म्हणजे व्हॅक्यूमनें, चालणारे वायपर आले. त्यांत एक मोठी खोड होती : चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला कीं इंजिनांतील शोषण कमी होई आणि नेमका घाटांतच वायपर मंदावे. डिझेल इंजिनांत हवेच्या वाटेवर पेट्रोल इंजिनासारखा पडदा नसतो, त्यामुळें असें शोषण उत्पन्नच होत नाहीं. जमशेदपूर येथें टेल्को कंपनीनें जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें १९५४ पासून डिझेल ट्रक बांधण्यास आरंभ केला, आणि डिझेलचा जसजसा प्रसार झाला तसतसा विजेच्या मोटरीवर चालणारा वायपर सार्वत्रिक झाला. १९८६ पासून निघालेला टाटा ४०७ असो किंवा त्याहून मोठा ट्रक असो, आज आपल्याकडे जुने म्हणून जे ट्रक चालतात त्यांत हीच पद्धति आढळते, आणि पुढील विवेचन तिलाच अनुसरून आहे.

हिचे भाग क्रमानें असे. बॅटरींतून निघालेली वीज फ्यूजांतून स्विचाकडे व स्विचांतून मोटरीकडे जाते. मोटरींतून ती तिच्या लोखंडी अंगावाटें किंवा वेगळ्या तारेनें ट्रकाच्या सांगाड्यास मिळते व सांगाड्यांतून बॅटरीच्या ऋण टोकास परत येते. या परतीच्या वाटेस कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. मोटरीच्या तोंडाशीं एक पेटी असते. तींत आट्यांचा दांडा आणि दांतेरी चाक असून त्यांच्या योगानें मोटरीची जलद गति मंद पण जोरदार होते. चाकास लावलेली लहान भुजा दोन लिंका मागें-पुढें ढकलते. लिंका काचेखालील दोन स्पिंडल अर्धवट फिरवितात. स्पिंडलावर बाहेरून आर्म बसविलेला असतो आणि आर्माच्या टोकास रबराचें ब्लेड असतें. विजेची वाट, मोटर, लिंका व स्पिंडल, आणि ब्लेड व काच, अशा चार टप्प्यांपैकीं दोष कोणत्या टप्प्यांत आहे हें प्रथम ठरविणें हेंच खरें काम. तें न ठरवितां एकदम मोटर बदलणें म्हणजे पंप पाणी देत नाहीं म्हणून फुटबॉल न पाहतांच विहीर खोल करण्यासारखें आहे.

परीक्षेपूर्वींची काळजी

कोरड्या काचेवर वायपर कधींहि चालवूं नये. धुळींतील वाळूचा कण काचेहून कठीण असतो. तो ब्लेडाखालीं सांपडला म्हणजे काचेवर कायमचा ओरखडा उठतो. आधीं काच भरपूर पाण्यानें धुवावी, अथवा परीक्षा चालू असेपर्यंत दोन्ही आर्म उचलून काचेपासून दूर ठेवावे.

लिंकांमध्यें हात घालण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडावी. अडकलेली लिंक सुटतांक्षणींच मोटर जोरानें फिरते व बोट चेंगरतें. तार सोडतांना सांगाड्यास जोडलेली, म्हणजे बहुधा ऋण टोकाची, आधीं सोडावी. कारण दुसऱ्या टोकावर पाना लावला असतां तो चुकून सांगाड्यास लागला तर मोठी ठिणगी पडते. जोडतांना तीच तार शेवटीं जोडावी.

ट्रकाची पद्धति १२ व्होल्टची आहे कीं २४ व्होल्टची, हेंहि आधीं पहावें. लहान ट्रकांत बहुधा १२ व्होल्टची एक बॅटरी असते. मोठ्यांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीमागें एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. परीक्षेचा दिवा त्याच व्होल्टचा हवा आणि नवी मोटर घेण्याची पाळी आली तर तीहि त्याच व्होल्टची हवी. परीक्षेचा दिवा म्हणजे होल्डरांत बसविलेला एक लहान बल्ब व त्यास दोन लांब तारा. तो घरींच तयार होतो आणि तो ट्रकांत कायम ठेवावा.

पहिलें लक्षण : हालचाल नाहीं, आवाजहि नाहीं

स्विच दाबला असतां पूर्ण शांतता असेल तर दोष बहुधा विजेच्या वाटेवर असतो. प्रथम हॉर्न व दिवे पहावे. तेहि मंद असतील तर दोष बॅटरींत किंवा तिच्या टोकांवर आहे. ते ठीक असतील तर फ्यूज काढून पहावा. जुन्या ट्रकांत फ्यूज न जळतांहि वीज अडते. ज्या पितळी चिमट्यांत फ्यूज बसतो त्यांवर हिरवट गंज चढतो व चिमटे सैल पडतात. ते काचपेपरनें घासून, किंचित् आंत वळवून फ्यूज घट्ट बसवावा.

फ्यूज जळालेला असेल तर तितक्याच अँपियरचा नवा घालावा. तोहि लगेच जळाला तर आणखी फ्यूज खर्चीं घालूं नयेत. याचा अर्थ कोठें तरी तार उघडी पडून सांगाड्यास लागली आहे, किंवा लिंक व स्पिंडल इतके अडकले आहेत कीं मोटर फिरूं न शकल्यामुळें अधिक वीज ओढते आहे. फ्यूजाच्या जागीं तांब्याची तार किंवा सिगारेटची चांदी गुंडाळण्याची चाल सर्वत्र आहे, तिचा निषेध करावा तितका थोडा. फ्यूज जळतो तो ट्रक जळूं नये म्हणून. त्याच्या जागीं जाड तार घातली म्हणजे पुढच्या वेळीं डॅशबोर्डामागील तारांचा जुडगाच पेटतो.

फ्यूज ठीक असल्यास परीक्षेच्या दिव्यानें वाट शोधावी. दिव्याची एक तार सांगाड्याच्या स्वच्छ, रंग नसलेल्या जागीं धरावी, स्विच चालू ठेवावा आणि दुसरी तार क्रमानें फ्यूजाच्या अलीकडे, पलीकडे, स्विचाच्या आगमनाच्या टोकास, निर्गमनाच्या टोकास आणि शेवटीं मोटरीच्या टोकास लावावी. जेथपर्यंत दिवा पेटतो तेथपर्यंत वीज येत आहे. शेवटचें उजळलेलें ठिकाण आणि पहिलें अंधारें ठिकाण यांच्या दरम्यान दोष आहे. शेताच्या पाटास पाणी कोठें फुटलें हें आपण बांधाबांधानें चालत जाऊन पाहतों, तीच ही रीति. स्विचांत वीज शिरते पण बाहेर पडत नाहीं असें दिसल्यास स्विच दहा-वीस वेळां पुढें-मागें करून पहावा. वर्षभर न वापरलेल्या स्विचाच्या पत्र्यांवर काळी साय धरते ती कधीं कधीं एवढ्यानेंच निघते. तरीहि गुण न आल्यास स्विच बदलावा, तो महाग नसतो.

एक अपवाद ध्यानांत ठेवावा. कांहीं जुन्या गाड्यांत स्विच विजेच्या बाजूस नसून अर्थच्या बाजूस असतो. तेथें स्विच बंद असतांहि मोटरीच्या टोकाशीं दिवा पेटतो. अशा ठिकाणीं मोटरीपासून स्विचाकडे जाणारी तार व स्विचाचा सांगाड्याशीं असलेला जोड तपासावा.

अर्थचा दोष : बांधलेल्या केबिनीची विशेष अडचण

मोटरीच्या टोकापर्यंत दिवा पेटतो पण मोटर फिरत नाहीं, तेव्हां मोटर जळाली असा निकाल तडकाफडकीं दिला जातो. तो देण्यापूर्वीं अर्थ पहावा. आपल्या देशांत पुष्कळ ट्रक कारखान्यांतून केवळ सांगाडा व दर्शनी पत्रा एवढ्याच रूपानें विकले गेले, आणि त्यांची केबिन निरनिराळ्या गांवच्या बॉडी बांधणाऱ्यांनीं लांकूड व पत्रा यांची बांधली. अशा केबिनींत मोटर ज्या पट्टीवर बसविलेली असते ती पट्टी लांकडास स्क्रूनें जडलेली असते. लांकडांतून वीज जात नाहीं. ती वाट काढते ती एखाद्या स्क्रूमधून, पत्र्याच्या जोडांतून, रंगाच्या व गंजाच्या थरांतून. नवी बॉडी असतां ही वाट कशीबशी चालते. दहा वर्षांत ती बुजते.

याची परीक्षा अगदीं सोपी आहे. एक जाड तार घेऊन तिचें एक टोक मोटरीच्या लोखंडी अंगास, किंवा मोटरीस अर्थची वेगळी तार असल्यास तिला, आणि दुसरें टोक थेट बॅटरीच्या ऋण टोकास लावावें. स्विच दाबतांच मोटर फिरूं लागली तर मोटर निर्दोष आहे. मग मोटरीपासून सांगाड्यापर्यंत एक कायमची तार ओढावी; सांगाड्यावरील जागा चकचकीत होईपर्यंत घासून, बोल्ट घट्ट आवळून, वरून थोडें ग्रीस लावावें. चार-पांच हात तारेचा खर्च तो काय! तेवढ्याकरितां नवी मोटर विकत घेतली जाते.

अर्थ देऊनहि मोटर निश्चल राहिली तर ती काढावी. तत्पूर्वीं कोणती तार कोठें होती हें कागदाच्या चिठ्ठ्या बांधून नोंदवावें, कारण दोन गतींच्या मोटरीस चार-पांच तारा असतात आणि त्यांपैकीं एक आर्म खालीं आणून थांबविण्यासाठीं असते. अंदाजानें तारा जोडल्यास फ्यूज तरी जळतो किंवा मोटर तरी. मोटर उघडल्यावर कार्बनचे ब्रश झिजले आहेत काय, त्यांची स्प्रिंग मोकळी आहे काय, हें पहावें. ब्रश ज्या तांबड्या नळीवर घासतात ती काळी पडली असल्यास अगदीं बारीक काचपेपरनें पुसावी; एमरी वापरूं नये, तिचे कण तांब्यांत रुततात. मोटरीच्या कवचावर हातोडी मारूं नये. आंतील लोहचुंबक चिनी मातीच्या भांड्यासारखा तडकतो. यापुढील काम विजेच्या कारागिराचें आहे व तें त्यासच द्यावें.

दुसरें लक्षण : आवाज येतो, पण आर्म हालत नाहीं

येथें वीज व मोटर दोन्ही ठीक आहेत. दोष पुढें आहे. एक आर्म चालतो व दुसरा पडून राहतो असें असल्यास त्या बाजूच्या आर्माचा नट पहावा. स्पिंडलाच्या डोक्यावर बारीक दांते असतात. नट सैल झाला कीं आर्म त्या दांत्यांवर घसरतो. नट आवळण्यापूर्वीं मोटर एकदां चालवून स्विचानें बंद करावी, म्हणजे ती आपल्या विश्रांतीच्या जागीं येऊन थांबेल. मग आर्म काचेच्या खालच्या कडेशीं ठेवून बसवावा. असें न केल्यास ब्लेड काचेच्या चौकटीवर आपटूं लागतें. नट घट्ट असूनहि आर्म हालत नसेल तर त्या बाजूची लिंक गोळीवरून निसटलेली असते. तिचा झिजलेला बुश बदलावा. तारेनें बांधलेली लिंक घरापर्यंत येईल, घाटापर्यंत नेऊं नये.

दोन्ही आर्म पडून असतील तर मोटरीची भुजा सैल झाली आहे, किंवा पेटींतील दांतेरी चाकाचे दांते गेले आहेत. हे दांते बहुधा माणसानेंच मोडलेले असतात. आट्यांच्या दांड्याची योजना अशी आहे कीं मोटर आर्मास फिरवूं शकते, पण आर्म मोटरीस फिरवूं शकत नाहीं. अर्थात् अडलेला आर्म हातानें जोर करून ढकलला तर तो सर्व जोर चाकाच्या दांत्यांवर येतो. क्लीनरास ही गोष्ट समजावून सांगावी.

तिसरें लक्षण : मंद चालतो, मध्येंच थांबतो

आपल्या भागांत हें लक्षण सर्वांत अधिक आढळतें. दोष मोटरींत आहे कीं लिंकांत, हें ठरविण्यासाठीं मोटरीची भुजा लिंकांपासून सोडवावी व मोटर एकटी चालवावी. ती जोमानें फिरली तर ओझें पुढें आहे. आतां प्रत्येक स्पिंडल हातानें फिरवून पहावा. बाहेरच्या तोंडावरील रबरी टोपी फाटली कीं त्यांत धूळ व पाणी शिरतें, आंतील ग्रीस वाळून मेणासारखें होतें व स्पिंडल बुशांत जखडतो. त्यावर रॉकेल किंवा डिझेल थेंबथेंब सोडून रात्रभर मुरूं द्यावें, दुसऱ्या दिवशीं हलक्या हातानें पुढें-मागें फिरवीत मोकळा करावा, बाहेर काढून गंज पुसावा आणि नवें ग्रीस भरावें. वरून नुसतें तेल सोडून भागत नाहीं. तेल धुळीशीं मिळून पुढच्या हंगामापर्यंत त्याचें चिखल होतें.

मोटर एकटी असतांहि मंदच फिरली तर विजेचा दाब कमी पोहोंचत आहे, किंवा मोटरीचे ब्रश व पेटींतील ग्रीस यांचा दोष आहे. दाबाची परीक्षा मीटरनें करावी. वायपर चालू असतां बॅटरीच्या दोन टोकांवरील व्होल्ट मोजावे, नंतर मोटरीच्या टोकाशीं व अंगाशीं मोजावे. १२ व्होल्टच्या ट्रकांत या दोहोंत एक व्होल्टाहून अधिक अंतर पडत असेल तर मधल्या जोडांत वीज खर्चीं पडत आहे. समजा, मोटर ४ अँपियर वीज घेत आहे आणि गंजलेल्या जोडाचा अडथळा अर्धा ओहम आहे, तर २ व्होल्ट त्या जोडांतच नाहींसे होतात व मोटरीस दहाच मिळतात. शेवटच्या वाफ्यास पाणी कां पोहोंचत नाहीं याचें उत्तर वाफ्यांत नसून पाटांत असतें, तसेंच हें आहे.

दिवसां बरा चालणारा वायपर रात्रीं कां मंदावतो, असा प्रश्न पुष्कळांस पडतो. १२ व्होल्टच्या गाडीचे ६० वॉटचे दोन हेडलाइट लावले कीं ते एकटे १० अँपियर घेतात. इंजिन मंद फिरत असतां आल्टरनेटर थोडीच वीज देतो, त्यांत त्याचा पट्टा सैल असला किंवा बॅटरी म्हातारी असली म्हणजे सर्वत्र दाब उतरतो. इंजिनाचा वेग वाढवितांच वायपरहि जोर धरूं लागला तर दोष वायपराचा नव्हे. आल्टरनेटर, पट्टा व बॅटरी यांकडे वळावें. आणि ही परीक्षा दिवे लावूनच करावी, कारण आपल्याकडील सर रात्रीं गांठते.

चौथें लक्षण : चालतो, पण काच स्वच्छ होत नाहीं

रबर पावसानें खराब होत नाहीं, उन्हानें होतें. चैत्र-वैशाखांतील तापलेल्या काचेवर महिनोन् महिने टेकून राहिलेलें ब्लेड एका बाजूस वळून कडक होतें. मग तें पाणी पुसण्याऐवजीं पसरवितें आणि थरथरत चालतें. रबराची कड बोटानें वांकवून पहावी. ती लवचिक असेल तर साबणाच्या पाण्यानें पुसून पुन्हां वापरावी. ती कडक झाली असेल किंवा तिला चिरा पडल्या असतील तर ब्लेड बदलावें. रबरास रॉकेल किंवा डिझेल लावूं नये, त्यानें तें फुगतें. नवें ब्लेड जुन्याच्या लांबीचें घ्यावें. लांब ब्लेड अधिक पुसेल ही समजूत बरोबर नाहीं; तीं एकमेकांवर आपटतात व मोटरीवर ओझें वाढतें.

ब्लेड नवें असूनहि काच धुरकट दिसत असेल तर तीवर डिझेलच्या धुराचा व तेलाचा पापुद्रा आहे. काच साबणानें आंतून-बाहेरून धुवून जुन्या वर्तमानपत्रानें पुसावी. आर्माची स्प्रिंग सैल झाल्यास ब्लेडाचा मधला भाग टेकत नाहीं. अशा वेळीं स्प्रिंग बदलावी, आर्म वांकवून तात्पुरतें भागवूं नये. ओरखड्यांनीं भरलेल्या काचेवर समोरच्या गाडीचा उजेड पडला म्हणजे सर्व काच चकाकून उठते. तिला कोणताहि वायपर उपयोगी नाहीं, ती काच बदलणें हाच उपाय.

वाटेंत वायपर बंद पडल्यास

पहिला नियम, थांबणें. रस्त्याच्या कडेस अर्धवट नव्हे, तर पेट्रोल-पंप, ढाबा किंवा गांवची मोकळी जागा पाहून रस्ता पूर्ण सोडून थांबावें, व चारी इशारे-दिवे चालू ठेवावे. आपल्या भागांतील सर बहुधा जोराची पण थोडा वेळ टिकणारी असते; अर्धा-एक तास गेला तरी पुष्कळदां आभाळ मोकळें होतें. ड्रायव्हर थांबत नाहीं तो मालाच्या धास्तीनें. म्हणून चांगली ताडपत्री हाहि वायपराच्या उपायांतलाच एक भाग समजावा. पोतीं झांकलेलीं आहेत, खालीं फळ्यांवर पेंढा किंवा कागद आहे, दोऱ्या ताणलेल्या आहेत, अशी खात्री असली म्हणजे थांबण्यास मन घेतें. मालकानेंहि निघतांनाच सांगून ठेवावें कीं उशीर झाला तरी बोल लागणार नाहीं. पुष्कळ अपघातांचें मूळ मालकाच्या उतावीळ टेलिफोनांत असतें.

ड्रायव्हर मंडळींत काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळण्याचा उपाय परंपरेनें चालत आला आहे. त्यांत तथ्य आहे : त्यानें पाण्याचे थेंब न राहतां पातळ पडदा होतो व त्यांतून थोडें दिसतें. परंतु हा गुण थोडा वेळ टिकतो, आणि जोराच्या सरींत तो धुवून जातो. रिमझिमींत जवळच्या मुक्कामापर्यंत जाण्यापुरताच त्याचा उपयोग करावा. ड्रायव्हराच्या बाजूचें ब्लेड तुटलें असल्यास डाव्या बाजूचें काढून उजवीकडे लावावें, आणि रिकाम्या आर्मास चिंध्या गुंडाळाव्या, नाहींतर लोखंड काचेवर घासेल. दोन्ही खिडक्यांतून सुतळी ओढून वायपर हलविण्याची युक्ति मात्र करूं नये. वर सांगितल्याप्रमाणें तींत दांते मोडतात, आणि ड्रायव्हराचा हात स्टिअरिंगवरून सुटतो. क्लीनरास पायरीवर उभा करून चालत्या ट्रकाची काच पुसविणें हा तर त्याच्या जिवाशीं खेळ आहे.

वर्षाचा नेम

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनीं वायपराची तरतूद बंधनकारक केली आहे, आणि आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनास योग्यतेचें प्रमाणपत्र दरवर्षीं घ्यावें लागतें. पण प्रमाणपत्राच्या दिवशीं चाललेला वायपर उत्तरा नक्षत्रांत चालेलच असें नाहीं. त्यासाठीं पुढील नेम सोईचा पडेल.

१. दर पंधरवड्यास, पाऊस असो वा नसो, काच ओली करून वायपर पांच मिनिटें चालवावा. एवढ्यानें स्पिंडल जखडत नाहीं व स्विच काळा पडत नाहीं.

२. उन्हाळ्यांत ट्रक उभा असतां ब्लेडें काढून सावलींत ठेवावीं, किंवा आर्म उचलून त्यांखालीं लांकडाचा तुकडा द्यावा.

३. मृगापूर्वीं स्पिंडलांस ग्रीस भरावें, फ्यूजाचे चिमटे व अर्थचा जोड घासावा.

४. पोळ्याच्या सुमारास, म्हणजे उडदाचा पहिला ट्रक भरण्यापूर्वीं, रात्रीं दिवे लावून वायपराची पूर्ण परीक्षा घ्यावी आणि ब्लेडें बदलावयाचीं असल्यास तेव्हांच बदलावीं.

५. ट्रकांत दोन फ्यूज, एक जादा ब्लेड, परीक्षेचा दिवा, पकड, पाना व चार हात तार सदैव असावी.

खंडेनवमीस आपण ट्रक धुतों, त्यास हार घालतों व नारळ फोडतों. ती पूजा योग्यच आहे. परंतु तोंपर्यंत पावसाचे कठीण दिवस बहुतेक सरलेले असतात. ज्या पोळ्यास आपण बैलांच्या खांद्यांस लोणी-हळद लावून वर्षाची सेवा मान्य करतों, त्याच दिवशीं अर्धा तास ट्रकाच्या काचेपाशीं घालविला तर भाद्रपदांतील एखाद्या रात्रीं त्याचें चीज होईल. उडीद एखादा दिवस उशिरां बाजारास पोहोंचला तर भावांत थोडा फरक पडेल. तो पुढच्या सालीं भरून निघतो.